खानदेशचे प्राध्यापक भालचंद्र नेमाडे : एक वाङ्मयीन जीवन

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मंडळाची अपेक्षा बहुधा मंदिराच्या जीर्णोद्धाराविषयी किंवा संघाच्या स्थापनेविषयी काही लिहून यावे, अशी असावी. त्या विषयांवर लिहिणारी अधिकारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून त्याचे उभे आयुष्य कापड मोजण्यात गेले. तरीही त्याने विषय निवडला आहे तो एका साहित्याच्या प्राध्यापकाचा, ज्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि इतरांच्या पुस्तकांची परखड परीक्षणेही केली. हे धाडस सुज्ञ वाचकांनी गोड मानून घ्यावे.

जैन ट्रस्टच्या स्मरणिकेत अजैन कादंबरीकाराचे चरित्र कशासाठी, असे काही श्रावक बंधू विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे. उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या साहू जैन घराण्यातील उद्योगपती साहू शांतिप्रसाद जैन आणि त्यांच्या पत्नी रमा जैन यांनी १९४४ साली ‘भारतीय ज्ञानपीठ’ ही संस्था स्थापन केली. प्राकृत, संस्कृत, पाली, अपभ्रंश या भाषांतील जे ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपात भांडारांतून पडून होते ते संपादित करून छापावेत, हा तिचा आरंभीचा हेतू होता. शांतिप्रसादजींच्या मातोश्रींच्या नावाने मूर्तिदेवी ग्रंथमाला निघाली ती याच हेतूने. पुढे १९६१ साली भारतीय भाषांतील लेखकांसाठी ज्ञानपीठ पुरस्काराची योजना झाली आणि १९६५ या वर्षाचा पहिला पुरस्कार मल्याळम कवी जी. शंकर कुरूप यांना मिळाला. या मालेतील पन्नासावा पुरस्कार २०१४ या वर्षासाठी आपल्या खानदेशातील भालचंद्र नेमाडे यांना जाहीर झाला व २५ एप्रिल २०१५ रोजी दिल्ली येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तो प्रदान करण्यात आला. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर हा मान मिळविणारे ते चौथे मराठी लेखक होत. म्हणजे एका जैन व्यापारी कुटुंबाने दिलेल्या दानातून उभा राहिलेला देशातील सर्वोच्च वाङ्मयीन सन्मान तापीकाठच्या माणसाकडे आला. आमच्या बाजारपेठेत त्या दिवशीही वर्तमानपत्रे आली होती. ती कोणत्या पानापासून वाचली गेली, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८ रोजी सांगवी येथे, लेवा पाटीदार समाजातील एका शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. नव्या पिढीला नंदुरबार, धुळे, जळगाव हे तीन वेगळे जिल्हे म्हणून ठाऊक आहेत; परंतु १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि आपला नंदुरबार जिल्हा धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. सातपुडा मात्र कोणी विभागला नाही. शहादा-तळोद्याच्या उत्तरेस जो डोंगर दिसतो तोच यावल-रावेरच्याही उत्तरेस दिसतो. मधून वाहणारी तापी एकच, आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरून माल नेणारे व्यापारीही पिढ्यान्‌पिढ्या एकच. सांगवीची केळी-कापसाची शेती आणि नंदुरबारचा मिरचीचा बाजार यांत जेवढे अंतर आहे त्याहून पुण्याचे अंतर दोघांनाही जास्त आहे.

हे अंतर भाषेचेही होते. आपल्या गावात घरी गुजराती किंवा मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, डोंगरावरून आलेल्या माणसाशी भिली किंवा पावरी, शहाद्याच्या बाजूला गुजरी आणि शाळेत पुस्तकी मराठी, असा आमचा दिवस जात असे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या बाजारात शिरीषकुमार मेहता व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा त्या बालवीरांच्या मुखी असलेली घोषणा गुजराती भाषेत होती. आज महाराष्ट्राच्या इतिहासात ती अभिमानाने सांगितली जाते. मात्र माझ्या विद्यार्थिदशेत याच मिश्र बोलीची आम्हाला लाज वाटेल, अशी तजवीज शिक्षणाने केली होती. आमच्या एका शिक्षकांनी, त्यांचे नाव येथे नको, माझ्या निबंधातील ‘आम्हा घरी’ ही रचना फळ्यावर लिहून सर्व वर्गाला हसविले होते. तो निबंध मी दुकानावर लिहिला होता, आणि त्यानंतर कित्येक वर्षे मी मराठीत पत्रापलीकडे काही लिहिले नाही. नेमाडे यांचे चरित्र मला जिव्हाळ्याचे का वाटते, याचे मूळ या फळ्यापाशी आहे.

नेमाडे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. नंतर डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि १९६४ साली मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. केले. परंतु ही दुसरी पदवी मिळण्यापूर्वीच, १९६३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांच्या हातून ‘कोसला’ ही कादंबरी लिहून झाली होती. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीचे रा. ज. देशमुख यांनी ती त्याच वर्षी प्रसिद्ध केली. त्या काळी नवख्या लेखकाच्या अशा पुस्तकात पैसा घालणे म्हणजे बाजारात कोणी न पाहिलेला माल उधारीवर भरण्यासारखे होते. देशमुखांनी तो भरला, हे एक व्यापारी म्हणून मला विशेष वाटते.

कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहात राहतो, वडिलांचा पैसा खर्च करतो, परीक्षेत अपयशी होतो आणि गावी परत येतो. एवढेच तिचे कथानक. फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाला हे कथानकच वाटले नाही. तीत ध्येयवाद नव्हता, प्रेमाचा त्रिकोण नव्हता, आणि भाषा तर वसतिगृहातील मुले एकमेकांशी बोलतात तशी, मध्येच बखरीच्या थाटात जाणारी, मध्येच खानदेशी वळणाची. इंग्रजी वाचणाऱ्यांना तीत अमेरिकन लेखक सॅलिंजर याच्या १९५१ मधील ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीची आठवण झाली. ती तुलना अजून केली जाते. मला ती फार पुढे नेता येत नाही, कारण पांडुरंगाच्या पाठीशी जे एकत्र कुटुंब, जे देणे-घेणे आणि जे गाव आहे ते त्या अमेरिकन मुलापाशी नाही.

मी ‘कोसला’ वाचली ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी, अकाउंटन्सीच्या पुस्तकात लपवून. तीत पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. तो भाग मी दुकानाच्या माळ्यावर बसून वाचला आणि नंतर बराच वेळ खाली उतरलो नाही. देवीचा रोग आपल्या देशातून गेल्याची घोषणा १९७७ साली झाली. त्याआधीच्या प्रत्येक घरात एखादे नाव असे होते की जे मोठ्या माणसांनी उच्चारले की संभाषण थांबत असे. आमच्या घरीही होते. माझ्या आजीने तिच्या त्या मुलीविषयी आम्हाला कधी काही सांगितले नाही. त्या दुःखाविषयी छापील अक्षरात, आणि आमच्याच भागातील माणसाच्या तोंडून, काही लिहिले जाऊ शकते, हे मला त्या दुपारी प्रथम कळले. पुस्तकातील शब्द शुद्ध आहेत की अशुद्ध, हा विचार त्या वेळी मनात आला नाही.

यानंतर नेमाडे यांनी अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), धुळे, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), गोवा आणि मुंबई अशा ठिकाणी त्यांनी इंग्रजी व तौलनिक साहित्य शिकविले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेतही होते. मुंबई विद्यापीठातील तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावरून ते निवृत्त झाले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानेही त्यांना संशोधनाच्या पदव्या दिल्या. त्याच विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, ज्या स्वतः लिहू शकत नव्हत्या आणि ज्यांची कविता शेतावर व जात्यावर लेवा बोलीत जन्मली. दोघांची बोली एकच.

या भटक्या प्राध्यापकीतूनच १९७५ ते १९७९ या काळात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांना एकत्रितपणे चांगदेव चतुष्टय म्हणतात. नायक चांगदेव पाटील हा इंग्रजीचा अध्यापक; एका महाविद्यालयातून दुसऱ्यात, एका गावातून दुसऱ्या गावात तो बिढार हलवीत राहतो. महाविद्यालयांतील जातीचे राजकारण, संस्थाचालकांची मर्जी, विद्वत्तेपेक्षा गटबाजीला आलेले महत्त्व, भाड्याच्या खोल्या आणि खानावळी हे सर्व त्यांत सविस्तर येते. साक्षेपी वाचकांत या चार पुस्तकांना ‘कोसला’पेक्षा वरचे स्थान देणारे आहेत. माझे मत तसे नाही, काही ठिकाणी तपशील इतका साचतो की पुढे सरकणे कठीण होते. पण शिक्षणसंस्था चालविणाऱ्या ज्या ज्या समाजांना आपल्या संस्थेचा अभिमान आहे, त्यांच्या विश्वस्तांनी ही चार पुस्तके एकदा वाचावीत, असे मी नम्रपणे सुचवीन. आपणही एक शाळा चालवितो.

शीर्षकांविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. बिढार हा आठवडे बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याचा शब्द आहे. झूल म्हणजे पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालावयाचे नक्षीचे वस्त्र. आमच्या दुकानात श्रावण लागला की त्यासाठी भडक रंगाचे कापड वेगळे काढून ठेवत. आणि जरीला हे खानदेशात एके काळी मोठ्या प्रमाणावर पेरल्या जाणाऱ्या देशी कापसाच्या वाणाचे नाव होते. पुढे विरनार व इतर वाण आले आणि ते मागे पडले. ‘जरीला’ या पुस्तकाचे नाव ऐकून माझ्या वडिलांनी मला विचारले होते की, कापसावर कादंबरी कोणी लिहिली?

आता त्यांच्या परीक्षणांविषयी. साठच्या दशकात मराठीत अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. अशोक शहाणे, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, भाऊ पाध्ये, राजा ढाले अशी मंडळी थोड्याबहुत फरकाने तिच्याशी संबंधित होती. नेमाडे यांनी ‘वाचा’ या अनियतकालिकाचे संपादन केले. त्या काळातील आणि नंतरचे त्यांचे समीक्षालेखन ‘टीकास्वयंवर’ या ग्रंथात संकलित झाले. औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने तो १९९० साली प्रसिद्ध केला आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार या ग्रंथासाठीच त्यांना मिळाला. म्हणजे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेल्या माणसाला अकादमीने गौरविले ते पुस्तकांची पारख करणारा म्हणून.

पारख हा शब्द मी जाणून वापरतो. कापडाच्या धंद्यात खळ नावाची एक गोष्ट असते. हलक्या सुताच्या कापडाला भरपूर खळ दिली म्हणजे ते हाताला भरदार लागते, घडी सुबक बसते, गिऱ्हाईक खूष होते. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि मागे जाळी उरते. जुना व्यापारी म्हणून कापड हातात आले की प्रथम ते उजेडात धरतो, आणि एक टोक चोळून पाहतो. नेमाडे यांनी मराठी साहित्याच्या बाबतीत हेच केले. त्या वेळी परीक्षण म्हणजे लेखकाच्या मित्राने लिहिलेला गौरव, असा प्रकार सर्रास होता. मान-सत्कार, संमेलने, पाठ्यपुस्तकांत नेमणूक यांमुळे लेखकाचा ‘लेखकराव’ कसा होतो, हे त्यांनी इतक्या झोंबणाऱ्या भाषेत दाखविले की तो शब्द मराठीत रुजून गेला. साहित्य संमेलनांवर त्यांनी आयुष्यभर टीका केली. पुढे त्यांनाही २०११ साली पद्मश्री आणि नंतर ज्ञानपीठ मिळाले, तेव्हा त्यांच्या विरोधकांनी हाच शब्द त्यांच्याकडे परत पाठविला. माप एकच असावे हे व्यापाऱ्यालाही मान्य आहे, तेव्हा विरोधकांचे म्हणणे नोंदवून ठेवणे योग्य.

त्यांच्या समीक्षेतील सर्वांत टिकाऊ भाग मराठी कादंबरीच्या इतिहासाविषयीचा आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी कादंबरी सुरू झाली तेव्हा तिच्यापुढे तीन वाटा होत्या असे ते दाखवितात. बाबा पदमनजी यांची १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’ ही हिंदू विधवांच्या स्थितीविषयी, म्हणजे आजूबाजूच्या वास्तवाविषयी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ मधील ‘मुक्तामाला’ ही अद्भुत व मनोरंजक. रा. भि. गुंजीकर यांची १८७१ मधील ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक. नेमाडे यांनी कौल दिला तो ‘यमुनापर्यटन’च्या वाटेला. पदमनजी धर्मांतर करून ख्रिस्ती झाले होते आणि त्यांच्या पुस्तकात प्रचारही होता. तरी त्यात आपल्या समाजाकडे डोळे उघडून पाहिले आहे, एवढे नेमाड्यांना पुरले. ग्रंथकर्त्याचा धर्म कोणता हे पाहून त्यांनी माप बदलले नाही. याउलट लघुकथेविषयीचे त्यांचे मत मला पटत नाही. मासिकांची पाने भरण्यासाठी वाढलेला हा किरकोळ प्रकार आहे, असे ते म्हणत आले. ज्या परंपरेत साधू-साध्वींनी शेकडो वर्षे कथेच्याच आधारे गृहस्थाला सन्मार्ग दाखविला, हरिभद्रसूरींसारख्या आचार्यांनी प्राकृतात ‘समराइच्चकहा’ रचली, त्या परंपरेतील माणसाने हे मत कसे स्वीकारावे? त्यांचा रोख आधुनिक मासिकांवर होता हे मला कळते. तरीही.

नेमाडे यांच्या विचाराला ‘देशीवाद’ असे नाव आहे. साहित्याने आपल्या भूमीत, आपल्या बोलीत, आपल्या समाजगटांच्या जगण्यात मुळे धरावीत. परदेशी कसोट्या लावून आपले साहित्य मोजू नये, असे त्याचे सार सांगता येईल. सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने २००९ साली याविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. जे नैरोबीत आपले ओसवाल नातेवाईक आहेत, त्यांनी तेथील न्गुगी वा थिओंगो यांचे नाव ऐकले असेल. तेही इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक आणि कादंबरीकार. त्यांनी पुढे इंग्रजीत कादंबरी लिहिणे सोडून आपल्या गिकुयू भाषेत लिहावयास घेतले. नेमाड्यांनी आरंभापासूनच मराठी धरली. इंग्रजीतून त्यांनी फक्त विवेचन लिहिले.

देशीवादाच्या चर्चेत नेमाडे वारंवार महानुभावांकडे जातात. तेराव्या शतकातील श्रीचक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. आपल्या नंदुरबारहून भडोच फार दूर नाही, आणि आपल्यातील कित्येक घरांची मुळे त्याच बाजूला आहेत. तो गुजरातेतील तरुण महाराष्ट्रात आला, मराठीत बोलला, अहिंसा सांगितली, आणि त्याच्या शिष्यांनी संस्कृत टाळून मराठीत ग्रंथ रचले, कारण संस्कृतात लिहिले तर पंथातील सामान्य बायाबापड्या वंचित होतील अशी त्यांची भावना होती. हे वाचताना मला आपल्याच परंपरेची आठवण झाली. भगवान महावीरांनी उपदेश दिला तो अर्धमागधीत, लोकांच्या बोलीत. मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तीत जैन आचार्यांनी विपुल लिहिले. उद्द्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ पूर्ण केली. तिच्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी जमले आहेत आणि प्रत्येकाचे रूप, स्वभाव व बोली आचार्य टिपतात. त्यांत महाराष्ट्रातील व्यापारीही आहे, काटक, अभिमानी व थोडा भांडखोर, आणि त्याच्या तोंडी दिले-घेतले या अर्थाचे शब्द आहेत. मराठी बोलीची इतकी जुनी नोंद एका जैन साधूने बाजारात उभे राहून घ्यावी, आणि ती देण्याघेण्याच्या शब्दांची असावी! श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला लेख तर सर्वांना ठाऊक आहे. प्राचीन मराठी लेखांत त्याची गणना होते. पंधराव्या शतकात गुणदास, गुणकीर्ती यांसारख्या जैन ग्रंथकारांनी मराठीत रचना केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी प्राकृतलाही दिला. आपल्या संघात त्याबद्दल पेढे वाटले गेले नाहीत, ही माझी किरकोळ तक्रार आहे.

तेव्हा घरी गुजराती बोलणारा आणि दुकानात अहिराणी बोलणारा माणूस मराठीचा पाहुणा आहे, ही समजूत इतिहासाला धरून नाही. हे मी स्वतःच्या बळावर म्हणू शकलो नसतो. नेमाडे वाचल्यामुळे म्हणू लागलो.

त्यांची बहुचर्चित ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी २०१० साली आली. तिचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननाच्या जागेवरून तो खानदेशातील मोरगावी, मरणासन्न वडिलांकडे परत येतो, आणि त्या प्रवासात गावातील नाना जातींचे, पंथांचे, भटक्यांचे, बायकांचे जगणे थरांवर थर उलगडत जाते. शीर्षकावरून मोठा गदारोळ झाला. नेमाड्यांच्या मते हिंदू हा शब्द एका धर्माचा नसून सिंधू संस्कृतीपासून चालत आलेल्या, अनेकांना सामावून घेणाऱ्या जीवनरीतीचा आहे. त्यामुळे संकुचित अर्थाने धर्माभिमानी असणारे रागावले. परंतु आपल्यापैकी काहींची अडचण वेगळी होती आणि ती मलाही वाटते. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. श्रमण परंपरा ही वैदिक परंपरेहून स्वतंत्र आहे, हे आपण मुलांना शिकवितो. एवढ्या मोठ्या पोटाच्या शब्दात आपली स्वतंत्र नोंद राहते की विरघळते? नेमाडे म्हणतील की विरघळत नाही, अडगळीत प्रत्येक वस्तू आपापल्या जागी असते. मी दुकानाच्या माळ्याची अडगळ अनेकदा आवरली आहे. तळाशी काय आहे याची आठवण एकट्या मालकालाच असते, असा माझा अनुभव आहे. अनेकांत दृष्टीने पाहता त्यांचे म्हणणे एका नयाने खरे आहे. दुसऱ्या नयाने आपले.

मात्र या मतभेदाला उत्तर द्यावयाचे तर ते लिहून द्यावे लागेल, आणि येथे आपली बाजू लंगडी पडते. ग्रामीण मराठी साहित्यात वाणी आला की तो बहुधा सावकार म्हणून येतो, तराजू मारणारा, खत लिहून घेणारा. आपण याची तक्रार करतो. पण दुष्काळात उधारी बुडवून घेणारा, धडगावच्या बाजाराला बैलगाडीतून गाठोडी नेणारा, चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी दुकान बंद करणारा, मुलीच्या लग्नासाठी पेढी गहाण टाकणारा वाणी कोणी लिहिला? लेवा शेतकऱ्याच्या मुलाने आपले घर, आपले गाव, आपली बोली लिहिली आणि ज्ञानपीठापर्यंत नेली. ज्ञानपीठ ज्यांच्या दानाचे, त्यांच्या घरातील गोष्ट या जिल्ह्यात अजून लिहिली गेलेली नाही.

लिहिण्याचे साधनही आपण हातचे घालविले. हा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकीत नाही. १९९६ साली आमच्या दुकानाचे नूतनीकरण झाले, तेव्हा माळ्यावर आजोबांच्या काळच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या होत्या, पाच-सहा पोती भरतील इतक्या. त्यांतील महाजनी वळणाचे अक्षर मला वाचता येत नव्हते, आयकर विभागाला त्यांची गरज नव्हती, आणि मी त्या रद्दीवाल्यास किलोच्या भावाने दिल्या. कोणत्या गावच्या कोणत्या कुळाने कोणत्या सालात किती वार मांजरपाट नेला, लग्नाचे कापड कोणी उधार नेले, कोणाची उधारी कोणत्या वर्षी माफ केली, हे सर्व त्यांत होते. ‘हिंदू’ वाचताना, खंडेराव मातीच्या थरांत माणसे शोधतो तेथे आलो, आणि मला ती पोती आठवली. तेव्हापर्यंत पंधरा वर्षे उलटून गेली होती.

दोन चोपड्या वाचल्या, कारण त्या देव्हाऱ्याखालच्या कपाटात दिवाळीच्या वहीपूजनासाठी ठेवलेल्या होत्या. गेल्या वर्षी महाजनी अक्षर वाचू शकणाऱ्या एका वयोवृद्ध श्रावकांना त्या दाखविल्या. त्यांनी भिंग लावून तीन दुपारी वाचन केले आणि मी ते देवनागरीत उतरवून घेतले. हिशेब विक्रम संवत २००४ चा आहे. अक्षयतृतीयेच्या सुमारास एका पानावर आजोबांनी आमच्या घरच्या मिश्र बोलीत नोंद केली आहे, तिचा अर्थ असा : उधारीपोटी रोकड मिळाली नाही, त्याऐवजी गाडीभर जरीला आला. मूळ चोपड्या व उतरवून घेतलेली वही ट्रस्टच्या वाचनालयात ‘कोसला’च्या प्रतीशेजारी ठेवली आहे. वाचनालय रविवारी सकाळी पूजेनंतर दोन तास उघडे असते, किल्ली व्यवस्थापकांकडे आहे.